कुठल्या सालचं पासिंग?

"गाडी बघितलीत त्यांची?" वहिनींनी भिंतीवरून विचारलं. मुलगा कसा वाटला, हे विचारायचं त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. आमची बिल्डिंग आणि वहिनींची बिल्डिंग वडाळ्याला कात्रक रोडच्या आतल्या गल्लीत पाठीला पाठ लावून उभ्या आहेत. मधे कंपाउंडची भिंत, जेमतेम छातीपर्यंत येणारी. या भिंतीवरून वर्षानुवर्षं विरजण, कढीपत्ता, रविवारच्या पुरवण्या आणि बातम्या यांची देवाणघेवाण चालते. बातम्यांच्या खात्यात निर्यात सगळी वहिनींची.

वहिनींची नणंद रुळांपलीकडे, भक्ती पार्कच्या बाजूला टॉवरमध्ये राहते. तिच्या मुलीचं लग्न जमवायचं चाललंय. मुलाकडची माणसं गिरगावची, ठाकूरद्वारची. पहिली भेट टॉवरमध्ये न ठेवता वहिनींच्या घरी ठेवली होती, कारण मुलीच्या आजी इथे असतात आणि त्यांना आता जिने उतरवत नाहीत. शिवाय टॉवरमध्ये गेटवर नाव लिहा, ओटीपी सांगा, फोटो काढून घ्या, तेव्हा कुठे लिफ्ट. पाहुण्यांना पहिल्याच दिवशी आरोपीसारखं उभं कशाला करायचं, असं वहिनींचं म्हणणं पडलं.

तर पाहुणे आले, पोहे झाले, मुलगा-मुलगी फाइव्ह गार्डनला चक्कर मारून आली. सगळं छान. आणि निरोप द्यायला सगळी खाली उतरली तेव्हा नणंदेने गाडी जवळून बघितली.

"वॅगन-आर. चंदेरी," वहिनी म्हणाल्या. "आणि ताई, नंबरप्लेट नवीकोरी! आम्हाला वाटलं, गाडी बरी असेल."

नंबरप्लेटवर जाऊ नये हो. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती उच्च सुरक्षेची प्लेट बसवून घ्या, असा सरकारचा आदेश निघाला आणि मुदतवाढींवर मुदतवाढी घेत महाराष्ट्रात पुष्कळांनी २०२५ मध्ये त्या बसवून घेतल्या. तेव्हापासून चकचकीत प्लेटचा अर्थ बहुतेक वेळा गाडी जुनी आहे असाच होतो.

"मग कळलं कसं?"

"नणंदबाईंनी मोबाइलवर नंबर टाकला ना! गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत इकडे सगळी कुंडली बाहेर. २००९ चं पासिंग. पेट्रोल. विमा कधी संपतो, पीयूसी कधी संपतं, सगळं. आणि ताई," इथे वहिनींचा आवाज खाली आला, "सेकंड ओनर!"

हे 'सेकंड ओनर' त्यांनी ज्या स्वरात म्हटलं, त्या स्वरात पूर्वी बिजवर म्हणायचे.

पूर्वी स्थळाची चौकशी करायला त्या गावचा कोणीतरी लांबचा मामा गाठावा लागे. मामा चार दिवस लावी आणि शेवटी 'माणसं चांगली आहेत' एवढंच सांगे. आता परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख समोर येते. मालकाचं नाव तेवढं फुल्यांनी अर्धवट झाकलेलं असतं. सरकारला खासगीपणाची एवढीच काळजी. नाव झाकतात आणि वय दाखवतात. बायकांच्या बाबतीत तरी हे उलट हवं होतं.

"सतरा वर्षांची गाडी घेऊन मुलगी बघायला येतात म्हणजे काय?" हे नणंदेचं वाक्य, वहिनींनी जसंच्या तसं पोचवलं. "परिस्थिती तरी बेताची, नाहीतर चिक्कू तरी."

भाऊजी, म्हणजे वहिनींचे यजमान, बाजूलाच खुर्ची टाकून पेपर वाचत होते. वाचत होते म्हणजे तोंडासमोर धरून ऐकत होते. त्यांची सगळी नोकरी कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये गेली, त्यामुळे गाड्यांचा विषय निघाला की त्यांना कोणी विचारावं लागत नाही.

"सतरा वर्षं म्हणजे काय गाडीचं वय आहे?" त्यांनी पेपर खाली केला. "आमची गाडी बघून सांगून दाखवायचं होतं कोणी, दोन वर्षांची आहे की वीस वर्षांची."

आणि हे खरंच आहे. मला कधी सुचलं नव्हतं, पण विचार केल्यावर पटलं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये ही कंपनी काढली, कुर्ल्यात आधी डॉज आणि प्लिमथ जोडल्या, मग इटलीची फियाट आली. ती पहिली गोलमटोल ११००, जिला सगळी मुंबई 'डुक्कर फियाट' म्हणत असे. मग १९६४ च्या सुमाराला नवा चौकोनी साचा आला, आणि तो जो आला तो २००० च्या आसपास उत्पादन बंद होईपर्यंत जवळजवळ तसाच राहिला. नाव बदललं. डिलाइट झाली, प्रेसिडेंट झाली, सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. जाळी बदलली, दिवे बदलले, पण चेहरा तोच. पस्तीस वर्षं एकच चेहरा! तीच गत अ‍ॅम्बेसेडरची. त्यामुळे रस्त्यावरून गाडी गेली की माणूस एवढंच म्हणे, 'गाडी आहे.' कुठल्या सालची, हा प्रश्न गॅरेजवाल्याखेरीज कोणाला पडत नसे.

"आणि मिळत तरी कुठे होती?" भाऊजी रंगात आले होते. "नंबर लावायचा, पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. वापरलेली फियाट नव्यापेक्षा महाग जायची. ऑन द्यावा लागायचा वर. का? तर ती आज मिळते म्हणून."

म्हणजे तेव्हा जुनी गाडी असणं याचा अर्थ असा की या घरात कोणीतरी फार आधी नंबर लावण्याइतका शहाणा होता. जुनं म्हणजे खानदानी. पुढे १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली एका गिऱ्हाइकाच्या हातात ठेवली आणि गोष्टी बदलायला लागल्या. मारुतीनेही पहिला साचा फार चालवला नाही, दोन-तीन वर्षांत नवा आणला. नव्वदनंतर तर कंपन्यांची रांगच लागली. मग दर तीन-चार वर्षांनी जुन्याच गाडीचे दिवे तिरपे करायचे, बंपर फुगवायचा आणि नवीन म्हणून विकायची ही पद्धत पडली. तिला म्हणतात फेसलिफ्ट. चेहरा बदलायला लागला तेव्हा गाडीला वय आलं. आणि गाडीला वय आलं तसं ते मालकाला चिकटलं.

वहिनींना हा इतिहास पाठ आहे, त्यामुळे त्यांनी मधेच तोडलं. "तुमच्या त्या पद्मिनीचं काय कौतुक! शेवटी भंगारातच गेली ना?"

हे जरा लागट झालं. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी प्रभादेवीच्या एका मालकाची होती. ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला तिची नोंद झाली होती, टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून संपली. त्याच्या दीड महिना आधी, १५ सप्टेंबरला, बेस्टची शेवटची डिझेल डबलडेकर गेली. तिला पंधरा वर्षांची मर्यादा. तिच्या शेवटच्या फेरीला हार घातले, लोकांनी सेल्फी काढले, काही जण रडले म्हणे. भाऊजी त्या दिवसांत कोणाशी फारसं बोलत नव्हते. आता जाहीर व्हायला हरकत नाही, त्यांनी पद्मिनी घडवल्या, पण स्वतः आयुष्यभर बेस्टने फिरले.

असो. विषय वॅगन-आरचा.

"पण वहिनी," मी म्हटलं, "त्यांच्याकडे गाडी उभी कुठे करतात?"

हा मुंबईतला खरा प्रश्न. ठाकूरद्वारला तळमजल्याला दुकानं, वर बिऱ्हाडं. गाडी रस्त्याच्या कडेला जिथे बसेल तिथे. तिथल्या माणसाकडे नवी मोठी गाडी नसते, याचं कारण दर वेळी त्याच्या बँकेच्या पासबुकात सापडत नाही, गल्लीच्या रुंदीत सापडतं. आमच्याच बिल्डिंगचं बघा. गेट केलं ते पद्मिनी मनात धरून, म्हणजे पावणेपाच फूट रुंदीची गाडी. आजच्या त्या उंच एसयूव्ही जवळजवळ सहा फूट भरतात, वर कानांसारखे आरसे. पहिल्या मजल्यावरच्यांनी अशी गाडी घेतली, तर तिचे आरसे मिटून, पोट आवळल्यासारखी आत घ्यावी लागते. एकदा आत आली की पंधरा-पंधरा दिवस हलत नाही. कारण बाहेर काढली आणि परत येईपर्यंत त्या जागेत दुसऱ्या कोणी स्कूटर लावली, तर? आषाढीला विठ्ठलमंदिराच्या यात्रेसाठी रस्ता बंद असतो, तेव्हाच काय ते तिच्या मालकाच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं. त्या दिवशी कोणाचीच गाडी हलत नाही.

परिवहनमंत्र्यांनी मधे बोलून दाखवलंच होतं की पार्किंगचा दाखला असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी करायची नाही. तसं खरंच झालं तर गिरगाव, परळ, लालबाग आणि निम्मा वडाळा यांच्या गाड्या कायम जुन्याच राहतील, आणि तेव्हा नणंदबाई काय म्हणतील, ते ऐकायला मी थांबले आहे.

"शिवाय त्यांच्या दाराशी मेट्रो आली," भाऊजी म्हणाले. मेट्रो तीनचा शेवटचा टप्पा ९ ऑक्टोबर २०२५ ला लोकांना खुला झाला, गिरगाव स्टेशन त्यातलंच. मुलगा बीकेसीला कामाला. मेट्रोने सरळ जातो, सरळ येतो. गाडी आई-वडिलांना डॉक्टरकडे न्यायला आणि वर्षातून दोनदा कोकणात.

वहिनींना हा खुलासा पटला, पण आवडला नाही. शंका फिटली की गप्पांतली मजा जाते. त्यांनी मोर्चा वळवला. "तुम्हाला तो गाडी पुसणारा मुलगा माहीत आहे ना?"

माहीत नसायला काय झालं? सकाळी साडेपाचला बादली आणि फडकं घेऊन येतो. आधी आमच्या गल्लीतल्या गाड्या, मग सायकलवरून टॉवरच्या पोडियमवर. दोन्हीकडचा हिशेब त्याच्याकडे असतो. कोणाच्या सीटवरचं प्लास्टिक वर्षभर निघालेलं नाही, कोणाच्या डिकीत अजून गणपतीचा पाट आहे, कोणाचे टायर गुळगुळीत झालेत, कोणाचा बंपर कुठे घासला आणि घरी काय सांगितलं. आपण माणसाला बाहेरून बघतो, तो काचेतून आत बघतो.

त्याने वहिनींना सांगितलं होतं, की नणंदेच्या टॉवरमध्ये ज्या गाड्यांना वॉचमन सगळ्यात कडक सलाम ठोकतो, त्यातल्या बऱ्याच अजून बँकेच्या आहेत. हे त्याला कसं कळतं? तर आरसी बुकाची प्रत ग्लोव्ह बॉक्समध्ये असते, आणि त्यावर कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव छापलेलं असतं. सात-सात वर्षांचे हप्ते. हप्ते फिटेपर्यंत गाडीचा चेहरा दोनदा बदललेला असतो.

"आणि त्या वॅगन-आरवर कोणाचं नाव नसणार," भाऊजी पेपरमागून म्हणाले.

तेवढ्यात आजी खिडकीत आल्या. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, पण नातीच्या लग्नाचा विषय भिंतीपलीकडून आला तरी ऐकू येतो. "मुलगा उजव्या बाजूला बसतो की मागे?" त्यांनी विचारलं. म्हणजे स्वतः चालवतो की ड्रायव्हर आहे, असं विचारायचं होतं. स्वतः चालवतो, असं सांगितल्यावर त्या "बरं आहे" म्हणाल्या आणि परत आत गेल्या. त्यांच्या परीक्षेत मुलगा पास झाला. ती परीक्षा १९६० सालची होती, हे सोडून द्या.

गाडीच्या वयाचं हे वेड आपल्याकडेच आहे, असं मात्र समजू नका. आमच्या ह्यांचा पुतण्या इंग्लंडात स्लाउला असतो. तिथे २००१ पासून नंबरप्लेटवरच साल लिहिलेलं असतं. मार्च ते ऑगस्ट २०१२ मधली गाडी असेल तर १२, सप्टेंबरनंतरची असेल तर ६२. शेजारी मोबाइल काढायच्या भानगडीत पडत नाही, फाटकातून वाचतो. काही लोक हौसेने पैसे मोजून वेगळा नंबर घेतात, कारण उत्तर आयर्लंडच्या जुन्या पद्धतीच्या नंबरांत साल नसतं, मग वय झाकलं जातं. पण गाडी आहे त्यापेक्षा नवी दिसेल असा नंबर लावायला तिथल्या कायद्याने बंदी आहे. जुनी दिसली तर चालेल! पलीकडे आयर्लंडात तर १९८७ पासून प्लेटची सुरुवातच सालाने होते. त्यामुळे तिथे गाड्या जानेवारीत घ्यायची झुंबड. डिसेंबरात घेतली तर महिन्याभरात गाडी 'गेल्या वर्षीची' होणार! २०१३ साली १३ आकडा गाडीवर कसा मिरवायचा, अशीही कुरकुर झाली आणि मग वर्षाचे दोन भाग करून १३१ आणि १३२ असे आकडे द्यायला लागले. एवढे पुढारलेले लोक, पण तेरा म्हटलं की त्यांच्याही गाडीखाली लिंबू.

आपल्याकडे २०२१ मध्ये आलेली ती भारत मालिका, बीएचवाली, तिच्यातही पहिले दोन आकडे सालाचेच आहेत. बदल्या होणाऱ्या नोकरदारांची सोय म्हणून काढली. या लोकांना नव्या गावात भाड्याचं घर शोधताना घरमालक पहिल्या नजरेत गाडीचं वय वाचणार, हा विचार बहुधा कोणी केला नसावा.

मी हे सगळं सांगत असताना वहिनींच्या मनात भलताच हिशेब चालला होता. "पण मग," त्या म्हणाल्या, "पारशी कॉलनीत तो म्हातारा रविवारी सकाळी बनियन घालून फियाट पुसत असतो, त्याला कोणी गरीब का म्हणत नाही?"

प्रश्न बिनतोड होता. एवढ्याशा वडाळ्यात गाडीच्या वयाचे चार भाव आहेत. फाइव्ह गार्डनच्या पलीकडे, पारशी कॉलनीतल्या झाडांखाली, जुनी गाडी म्हणजे ऐट. तिथे गाडी जितकी जुनी तितकी येणारा-जाणारा अदबीने बघतो. रुळांपलीकडच्या टॉवरमध्ये तीच गाडी पोडियमवर नेली, तर वॉचमन विचारेल, डिलिव्हरी कुठे द्यायची आहे? पोर्ट ट्रस्टच्या वसाहतीत किंवा आमच्या गल्लीत 'गाडी आहे' एवढ्यावर अजून भागतं. आणि वडाळ्याच्या आरटीओत, ट्रक टर्मिनसच्या अंगाला, गाडीचं वय म्हणजे पावती. पंधरा वर्षं झाली की गाडी तपासून घ्या, पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घ्या. पूर्वी ६०० रुपये होते, एप्रिल २०२२ पासून पाच हजार. गाडीने विशी ओलांडली की २०२५ पासून दहा हजार. वर पर्यावरण कर वेगळा. दिल्लीचं तर विचारूच नका. दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी म्हणजे तिथे गुन्हेगारच ठरली होती. १ जुलै २०२५ ला अशा गाड्यांना पंपावर तेल देणंच बंद केलं, लोकांनी एवढा आरडाओरडा केला की दोन-तीन दिवसांत सरकारने हात आवरता घेतला.

"आणि पन्नास वर्षांची झाली की?" भाऊजींनी बोट वर केलं. "पन्नास झाली की व्हिंटेज! २०२१ चा नियम आहे. वीस हजार भरा, प्लेटवर 'व्हीए' अक्षरं मिळतात. मग तीच गाडी रॅलीत जाते, मंत्री झेंडा दाखवतात."

म्हणजे वीस ते पन्नास हा काळ तेवढा वाईट. त्या तीस वर्षांत लाज वाटून घ्यायची, आणि गाडी त्यातून निभावली तर पुढे मिरवायचं. माणसांचंही काहीसं असंच असतं, पण ते राहू दे.

पारशी म्हाताऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. जुन्या गाड्यांच्या जाहिराती वाचल्यात कधी? 'पारशी मालक', 'डॉक्टरची गाडी', 'एकहाती वापरलेली'. या शहरात गाडी विकताना पहिल्यांदा मालक विकतात. पारशाने वापरली म्हणजे तेल वेळेवर बदललं असणार, डॉक्टरची म्हणजे फार पळवलेली नसणार. तिथे माणसावरून गाडी जोखतात. आणि आमच्या नणंदबाई गाडीवरून माणूस जोखतात. त्यातल्या त्यात बाजारवाल्यांचं मला जास्त पटतं. त्यांचे निदान स्वतःचे पैसे अडकलेले असतात, त्यामुळे ते विचार करतात.

हे मी वहिनींना सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे ती वॅगन-आर आधी कोणाची होती, हे विचारायला हवं!"

वहिनी हरत नाहीत. त्यांनी संध्याकाळी मुलाच्या आईला फोन लावला, आजींच्या औषधाचं निमित्त काढलं आणि काढून घेतलं. गाडी मुलाच्या मामाची. मामा अमेरिकेला मुलीकडे कायमचे गेले, जाताना बहिणीला देऊन गेले. नवी घ्यायला पैसे होते, पण मुलाच्या वडिलांना त्या गाडीच्या क्लचची सवय झालेली. आणि मामा कोण? डॉक्टर!

ही बातमी टॉवरला पोचली तेव्हा नणंदेचा सूर थोडा निवळला. थोडाच. "तरी पण," ती म्हणाली, "लोक काय म्हणतील?" लोक म्हणजे तिच्या मजल्यावरच्या तीन बायका.

मला इथे नॅनोची आठवण होते. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात दाखवली आणि मार्च २००९ मध्ये इथे मुंबईतच बाजारात आणली. एक लाखाची गाडी. स्कूटरवर नवरा, बायको आणि दोन मुलं भिजत जातात, त्यांच्यासाठी. गाडी चांगली होती की वाईट, ते भाऊजी सांगतील. पण देशातली सगळ्यात स्वस्त गाडी अशी तिची ख्याती झाली आणि तोच शिक्का तिला भोवला, हे खुद्द रतन टाटांनी नंतर बोलून दाखवलं. स्वस्त गाडी सगळ्यांना हवी होती, स्वस्त गाडीतून उतरताना दिसायचं मात्र कोणालाच नव्हतं. २०१८ पर्यंत ती बंदच पडली. आणि मग २०२२ मध्ये एक दिवस टाटा स्वतः नॅनोतून ताज हॉटेलच्या दारात उतरले. त्याचा व्हिडिओ घराघरांत फिरला. काय साधेपणा, काय थोरवी! आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर तो तीन जणांनी टाकला. त्यांतले एक आमच्या पहिल्या मजल्यावरचे, आरसे मिटून गाडी आत घेणारे. त्यांनी आपली नॅनो आधीच विकून टाकली होती. का विकली, तर जावई म्हणाला, बरं दिसत नाही.

टाटा नॅनोतून उतरले तर साधेपणा, आमचे शेजारी उतरले तर परिस्थिती. आपण आधी माणूस ठरवून ठेवतो आणि मग गाडीला साक्षीला बोलावतो. त्या मुलाकडच्यांचं घर मलबार हिलला असतं, तर सतरा वर्षांची वॅगन-आर बघून नणंदबाई म्हणाल्या असत्या, किती डाउन टू अर्थ माणसं!

मुलीला कोणी विचारलं की नाही? विचारलं, शेवटी. वहिनींनीच. ती म्हणाली, "मामी, गाडी कुठली होती तेच माझ्या लक्षात नाही. त्याने फाइव्ह गार्डनला जाताना मला विचारलं, तुला चालवता येते का? मी हो म्हटलं तर म्हणाला, मग येताना तू चालव." आणि येताना तिने चालवली. वडाळ्याच्या त्या चिंचोळ्या गल्लीत तिने गाडी उलटी घेऊन लावली. आपण सगळे गॅलरीतून बघत होतो, आणि गाडी कोण चालवतंय हे कोणी बघितलं नाही. गाडीच बघत होतो ना!

लग्न ठरलं. डिसेंबरचा मुहूर्त. आता टॉवरमधलं लग्न म्हणजे त्याआधी फोटोंचा कार्यक्रम आला, प्री-वेडिंग की काय ते. परवा सकाळी गल्लीत गडबड ऐकून भिंतीशी गेले, तर वहिनी आधीच तिथे.

"बघा ताई, बघा! नणंदबाईंनी काय मागवलं."

वहिनींच्या गेटमधून एक पांढरी पद्मिनी आत येत होती. बॉनेटवर फुलं, मागच्या काचेवर रिबिनी. आरसे मिटायची गरज पडली नाही, पावणेपाच फुटांची गाडी, गेटातून बरोब्बर आत गेली. ताशी भाड्याने आणली होती. फोटोग्राफरने सांगितलं म्हणे, जुन्या गाडीसमोर फोटो फार क्लासी येतात, आणि आपल्या टॉवरपेक्षा ही जुनी बिल्डिंग मागे बरी दिसेल. भाड्याचा आकडा वहिनींनी माझ्या कानात सांगितला. तेवढ्यात त्या वॅगन-आरचे दोन वर्षांचे विमे निघाले असते.

नणंदबाई स्वतः उभ्या राहून सगळ्यांना सांगत होत्या, "एकोणीसशे ब्याण्णवचं मॉडेल! ओरिजिनल!"

भाऊजी खाली गेले. आधी लांबून बघितलं. मग जवळ जाऊन दाराच्या कडेवरून हात फिरवला, ड्रायव्हरला बॉनेट उघडायला लावलं, वाकून आत बघितलं, आत बसून स्टिअरिंगवरचा गिअर वर-खाली केला. आम्ही दोघी श्वास रोखून उभ्या. आता डोळ्यांत पाणी येणार, असा वहिनींचा अंदाज होता.

ते उतरले, नातवाच्या वयाच्या त्या फोटोग्राफरला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "हँडब्रेक लागत नाहीये. पोरांना बॉनेटवर बसवायचं असेल तर आधी चाकाखाली वीट लाव."